करवंटीचा कोळसा घरी पाडलाय, विहिरीच्या पाण्याला वापरू का?

वाडीवरचा · १२ मे, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, हा माझा पहिलाच धागा.

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात अर्धीअधिक झाडं आडवी झाली. जी उरली त्यांचं खोबरं घरीच वाळवून घाण्यावर देतो. त्यामुळे मागच्या पडवीत करवंट्यांचा ढीग कायमचाच. बंबात घालतो, शेजारीपाजारी नेतात, तरी संपत नाहीत.

दुसरीकडे विहीर. मार्च उलटला की पाणी मचूळ होतं. मे महिन्यात तर चहासुद्धा घशाखाली उतरत नाही. कोणीतरी सांगितलं, कोळशातून गाळलं की पाणी गोडं होतं, शहरातल्या फिल्टरमध्ये करवंटीचाच कोळसा असतो. मग म्हटलं, माल घरात आहे, आपणच पाडून बघू.

पहिल्या खेपेला जमिनीत खड्डा घेतला, करवंट्या पेटवल्या आणि वरून माती लोटायला उशीर केला. सकाळी बघतो तर खड्डाभर पांढरी राख आणि कोळसा मूठभर. दुसऱ्या खेपेला भंगारातून २०० लिटरचं पत्र्याचं पिंप आणलं, तळाला पाच भोकं पाडली आणि तीन दगडांवर उभं केलं. आत थोडा विस्तव करून करवंट्या थराथराने टाकत गेलो. आधी दाट पांढरा धूर, ओली लाकडं घातलेल्या चुलीसारखा. मग पिवळट, डोळ्यांना झोंबणारा, आणि पिंपाच्या कडेवरून डांबरासारखे चिकट ओघळ. तीनेक तासांनी धूर विरळ होऊन निळसर दिसायला लागला तेव्हा आईनेच ओटीवरून हाक मारली, "आता कोंड रे, नाहीतर पुन्हा राखच मिळेल." तळाची भोकं मातीने लिंपली, झाकण चिखलाने बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावला नाही.

उघडलं तेव्हा करवंट्या जशाच्या तशा, फक्त काळ्या आणि आक्रसलेल्या. एका करवंटीवर नारळाचे तीन डोळेसुद्धा शाबूत. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखी किणकिण. दहा किलो करवंटीचा पावणेतीन किलो कोळसा भरला.

आता हा पाण्याला वापरायचा कसा? आणि ते 'ॲक्टिव्हेटेड' म्हणतात ते काय असतं, घरी करता येतं का? जाणकारांनी सांगावं.

---

तळकोकणी · १२ मे, रात्री १०.०५

वाचून बरा वाटला दादा. आमच्या हय करट्यांचो कोळसो म्हटलो की लोहारसाळ आठवता. माझो आजो कोयते, पाळकोयते करी. भातो मारूचा काम आमका पोरांका. आजो सांगी, करटीचो कोळसो आग धरूक येळ लावता, पण एकदा धरल्यान की पोलाद पिवळाधमक होता आणि कोळसो फुटान ठिणगे उडनत नाय.

(पुढचं सगळ्यांसाठी प्रमाण भाषेत लिहितो.) नंतर तालुक्याच्या गावात दगडी कोळसा मिळायला लागला. तो स्वस्त पडायचा, पण आजोबा पात्याला धार काढायच्या कामात तो वापरत नसत. दगडी कोळशात गंधक असतं, तापलेलं लोखंड ते ओढून घेतं आणि पात्याला चिरा जातात. हे गंधकाचं मी पुढे आयटीआयला शिकलो. आजोबांना ते पात्याच्या तोंडावरून कळायचं.

किणकिण आवाज आला म्हणजे तुमची भट्टी जमली. कच्चा कोळसा 'थप' वाजतो आणि पेटवला की धुरतो.

---

रसायनमास्तर · १३ मे, सकाळी ७.१०

वाडीवरचा, तुम्ही भट्टीचं वर्णन इतकं नेमकं केलंत की उत्तर देणं सोपं झालं. बत्तीस वर्षं रत्नागिरीत शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

मनाला लागेल ते आधी सांगतो. मचूळपणा कोळशाने जाणार नाही. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धरून ठेवतात आणि कोळशाच्या भिंतीची त्यांना काही ओढ नसते. कोळसा धरून ठेवतो ते मुख्यतः वासाचे, रंगाचे, तेलकट असे सेंद्रिय रेणू. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या पाण्याचा क्लोरीनचा वासही तो घालवतो. म्हणून शहरातल्या फिल्टरमध्ये त्याची एक नळी असते. मीठ काढायचं काम शेजारच्या दुसऱ्याच नळीतली पडदी करते.

आता तुमच्या पिंपात काय घडलं ते बघू. पहिला पांढरा धूर म्हणजे निव्वळ वाफ. दोनशे-तीनशे अंशांपासून पुढे लाकडाचे घटक एकेक करून तुटायला लागतात. पिवळा झोंबरा धूर आणि ते चिकट ओघळ त्याचेच. करवंटीत लिग्निन भरपूर, ते सावकाश आणि सर्वांत शेवटी तुटतं. म्हणून तिचा कोळसा आंब्या-फणसाच्या लाकडापेक्षा टणक. धूर निळसर झाला म्हणजे जाण्यासारखं होतं ते गेलं, आता राहिलेला कार्बनच जळायला लागलाय. आईंनी ज्या क्षणी हाक मारली, तो क्षण भट्टीवरची माणसं अनुभवाने धरतात, पुस्तकातून तो शिकवता येत नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

तुम्ही लिहिलेले ते तीन डोळे मला फार महत्त्वाचे वाटतात. साखर तापवली की आधी वितळते, मग काळी होते. करवंटी वितळत नाही. वितळल्याविनाच तिच्यातून पाणी, वायू, डांबर निघून जातं आणि मागे कार्बनचा सांगाडा राहतो, झाडाने बांधला होता तसाच. पेशींच्या भिंती, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, सगळं जागच्या जागी. या पोकळ्यांमुळेच कोळशाला काही धरून ठेवता येतं.

मात्र तुमच्या कोळशातली बारीक भोकं अजून डांबराने बुजलेली आहेत. ती उघडायला कोळसा ८०० ते १००० अंशांवर नेऊन त्यावर वाफ सोडतात. तापलेल्या कार्बनशी वाफेची अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघतात, आणि कोळसा आतून कोरला जातो. हेच ते ॲक्टिव्हेटेड. असा चांगला कोळसा एक ग्रॅम घेतला तर आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे चिमटीत मावेल एवढ्या भुकटीत दहा गुंठे! घरच्या पिंपात हे करू नका. ते तापमानही मिळणार नाही आणि निघणारे दोन्ही वायू घातक.

एक प्रयोग मात्र जरूर करा. मल्टिमीटर असेल तर पिंपाच्या तळचा एक तुकडा आणि वरच्या थरातला एक तुकडा घ्या आणि दोन्हींचा रोध मोजा. काय दिसतं ते इथे लिहा.

---

केळशीची लेक · १३ मे, दुपारी १२.४०

सर, फार छान समजावलंत. एक शंका आहे. शाळेत तीन मडक्यांचा फिल्टर करायचो, वाळू, कोळसा, खडी. गढूळ पाणी अगदी नितळ व्हायचं. मग ते प्यायला चालायचं का?

---

रसायनमास्तर · १३ मे, दुपारी १.३०

ताई, गाळ वाळूत अडकायचा, रंग आणि वास कोळसा काढायचा. जंतू मात्र मरत नाहीत. उलट बरेच दिवस न बदललेल्या ओल्या कोळशात ते वस्ती करतात. ते पाणी उकळूनच प्यायचं.

---

रात्रपाळी · १३ मे, रात्री ११.५०

मी जिल्ह्याच्या ठिकाणी परिचारिका आहे. कोळशाचा विषय निघाला म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते.

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत आहे. ओवा, बाळंतशेपा टाकून शेक देतात. त्या शेकाने माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मलाही बरं वाटलं होतं. पण आमच्याच नात्यात एका जुलैमध्ये अघटित होता होता राहिलं. बाहेर धो धो पाऊस, वारा येऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद, फटींना फडकी कोंबलेली, आत लाल निखाऱ्यांची शेगडी. संध्याकाळपासून मुलगी म्हणत होती, डोकं ठणकतंय, मळमळतंय. सगळ्यांना वाटलं बाळंतपणाचा थकवा. पहाटे बाळ रडत होतं आणि ती उठेना. सासूबाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आधी दार सताड उघडलं आणि दोघांना ओटीवर आणलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दोघंही वाचली.

निखारे धगधगत असतात तेव्हा धूर दिसत नाही, म्हणून धोका नाही असं वाटतं. हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. एका खोलीतल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर आधी दार उघडा आणि बाहेर पडा. शेगडी लावायचीच असेल तर खिडकी उघडी हवी, आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात.

दुसरं म्हणजे, कोणी विषारी काही घेतलं तर घरी कोळसा कुटून पाजायचा असं अजूनही ऐकते. रुग्णालयात आम्ही देतो तो ॲक्टिव्हेटेड कोळसा असतो आणि तोसुद्धा डॉक्टर ठरवतात. ॲसिड, रॉकेल, दारू, लोहाच्या गोळ्या यांवर त्याचा उपयोग नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाजला तर तो फुप्फुसात जातो. घरात वेळ न घालवता रुग्णालय गाठा आणि काय घेतलंय त्याची बाटली किंवा पाकीट सोबत आणा.

---

तळकोकणी · १४ मे, सकाळी ६.३०

ताई, हे आमच्या गावच्या ग्रुपवर टाकतो. तुमची परवानगी गृहीत धरली.

---

पेणकर · १४ मे, रात्री ८.१५

धागा वाचतोय. कोळसा म्हटलं की मला वेगळंच दिसतं, म्हणून लिहितो.

आमच्या रायगडात कातकऱ्यांच्या वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. घराला काटक्यांचं दार लावून कुटुंबच्या कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, घाटावर, पार कर्नाटकापर्यंत. परततात पावसाच्या तोंडावर. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, लग्नासाठी, आजारपणासाठी, कधी नुसतं पावसाळ्यात पोट भरायला. हंगामभर राबूनही ती फिटत नाही आणि पुढच्या साली पुन्हा तिथेच जावं लागतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे.

मी काही वर्षं वस्तीवर मुलांना शिकवायला जात होतो. चौथीतली एक मुलगी जूनमध्ये परत आली तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांच्या रेषा काळ्या होत्या, साबणाने घासूनही निघेनात. तिने मला भट्टी कशी रचतात ते पाटीवर काढून दाखवलं. मधे उभा दांडा, भोवती लाकडं तिरकी, वर पाला, त्यावर माती. पेटवल्यावर दिवसरात्र राखण. कुठे माती खचून हवा शिरली की तिथे धावत जाऊन लिंपायचं, नाहीतर सगळी मेहनत जळून जाते. रात्रीच्या राखणीला ती असायची. ती म्हणाली, "झोप आली तर बाबा गाणं म्हणायला लावतो."

वाडीवरचा, तुमच्या आईंनी धूर बघून सांगितलं तसं ती आठ-नऊ वर्षांची पोर सांगू शकत होती. हॉटेलांत तंदूरवर भाजलेलं खाताना हा कोळसा कोणाच्या हातचा, हे माझ्या मनातून जात नाही.

---

केळशीची लेक · १४ मे, रात्री ९.००

पेणकर, वाचून गलबललं. ती मुलगी पुढे शिकली का?

पेणकर · १४ मे, रात्री ९.२५

आश्रमशाळेत घातली. दहावी झाली. धाकटा भाऊ मात्र अजून भट्टीवर जातो.

---

बोरू · १५ मे, सायंकाळी ५.४५

मी चिपळूणचा. घरात जुन्या पोथ्या आणि मोडी दप्तर होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजला बुडाला, पेट्या दीड दिवस पाण्यात. गाळ काढून एकेक पान सुपारीच्या विऱ्यांवर (झावळीच्या बुडाच्या रुंद सालींवर) पसरून वाळवलं.

माझ्या वडिलांच्या शाईपेनाने लिहिलेल्या वह्या कोऱ्या झाल्या. निळा डागसुद्धा उरला नाही. त्याच पेटीतली पोथी, माझ्या पणजोबांच्या हातची, तिची अक्षरं कडेला पसरली खरी, पण जिथे अक्षर आहे तिथे ते काळंभोर आहे. ती शाई काजळाची. दिव्यावर ताट धरून काजळी जमवायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दिवसेंदिवस खलायची. पाण्याने डिंक सुटतो म्हणून कडा पसरतात. काजळी म्हणजे कार्बन, उन्हाने उडत नाही, हवेने विटत नाही.

दिव्याच्या ज्योतीवर अजून मी थोडी काजळी धरतो आणि पोथीची पुसट पानं उतरवून ठेवतो. ताटावरून पिसाने काजळी काढताना श्वास रोखावा लागतो, इतकी ती हलकी.

मास्तर, एक विचारायचं होतं. काजळी, कोळसा, कोक, सगळ्यांना आम्हाला शाळेत 'अस्फटिकी कार्बन' शिकवलं. काजळी इतकी मऊ आणि वाडीवरच्यांचा कोळसा काचेसारखा वाजतो. दोन्ही एकच कसे?

---

रसायनमास्तर · १६ मे, सकाळी ७.३०

बोरू, हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार. वर्गात मीही तीन ओळींत हे उरकत असे. आता पुरतं सांगतो.

हिरा, ग्राफाइट आणि कोळसा मूळ एकच, हे सहजासहजी कोणाला पटलं नव्हतं. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञाने हिरा जाळून दाखवलं, की हिऱ्यातून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो तेवढाच त्याच वजनाच्या कोळशातून निघतो. फरक आहे तो अणूंच्या रचनेत. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून. ग्राफाइटमध्ये षटकोनी जाळीचे सपाट थर एकावर एक, नीट रचलेल्या पत्रावळींच्या गठ्ठ्यासारखे.

आणि कोळसा? त्याला 'अस्फटिकी' म्हटलं कारण डोळ्याला स्फटिक दिसत नाही. क्ष-किरण टाकून पाहिलं तेव्हा कळलं की त्यातही त्याच पत्रावळी आहेत, पण फार छोट्या, दोन-चारच्या चळती, वाऱ्याने उडून कुंपणाला अडकल्यासारख्या वेड्यावाकड्या. त्यांच्यामधल्या सांदी म्हणजेच परवा सांगितलेले ते दहा गुंठे.

इथे एका बाईंचं नाव घेतलंच पाहिजे. रोझलिंड फ्रँकलिन. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रासाठी त्या सर्वांना माहीत आहेत. पण त्यांची सुरुवात कोळशातून झाली. १९४२ पासून, महायुद्ध चालू असताना, त्या ब्रिटनमधल्या कोळसा संशोधन संस्थेत दगडी कोळशाची भोकं मोजत होत्या. किती बारीक रेणू आत शिरतो आणि कुठला बाहेर अडतो, यावरून. १९४५ मध्ये त्यावर केंब्रिजची डॉक्टरेट. मग पॅरिसला जाऊन क्ष-किरणांचं तंत्र शिकल्या आणि १९५१ मध्ये त्यांनी दाखवलं की काळ्या कार्बनच्या मुळात दोन जाती आहेत. एक तापवत नेला की ग्राफाइट होतो. दुसरा ३००० अंशांपर्यंत नेला तरी होत नाही.

कारण पुन्हा त्या तीन डोळ्यांशी येतं. कोक ज्या दगडी कोळशाचा करतात तो तापताना मध्येच मऊ पडतो, पिठाच्या गोळ्यासारखा. त्या मऊपणात पत्रावळींना सरकून एकावर एक बसायला वाव मिळतो. करवंटी कधी मऊ पडतच नाही. तिच्यातल्या पत्रावळी आडव्यातिडव्या दुव्यांनी लहानपणीच एकमेकींना बांधल्या जातात, मग कितीही आग लावा, त्या सरळ होत नाहीत. म्हणून करवंटीचा कोळसा टणक राहतो आणि त्यातल्या सांदी मिटत नाहीत. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी करवंट्यांना मागणी आली ती याचमुळे. आज सोन्याच्या खाणींत सायनाइडच्या द्रावणातून सोनं धरायलाही करवंटीचाच कोळसा वापरतात, कारण तो ढवळला तरी झिजून भुगा होत नाही.

तुमची काजळी वेगळ्या वाटेने येते. ती ज्योतीतल्या वायूतून जन्मते. पत्रावळी कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या गोल गुंडाळल्या जातात आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी लहान गोळ्या होतात. म्हणून ती बोटाला रेशमासारखी लागते. टायर काळा असतो तोही हीच काजळी रबरात मिसळल्यामुळे, आणि तिच्यामुळेच तो लवकर झिजत नाही.

तेव्हा 'अस्फटिकी' हा शब्द पुस्तकात आहे, परीक्षेत लिहावा, पण कोळशाला रचना नाही असं मनात धरू नये.

---

बोरू · १६ मे, सकाळी ९.१०

मास्तर, आज काजळी धरताना हे आठवेल. मनापासून धन्यवाद.

---

खाडीपलीकडे · १७ मे, रात्री १०.३०

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातली गोष्ट. वीस वर्षांपूर्वी चुलत्यांनी विहीर खणायला घेतली. जांभा फोडून खाली गेल्यावर चिकट माती लागली आणि तिच्यात काळा थर. फावड्याने उचलला की लाकडाच्या ढलपीसारखा सुटायचा, वाळला की तडकायचा. कामगार म्हणाले, शेठ, कोळशाची खाण लागली! चुलत्यांनी तो पेटवूनही पाहिला, धुमसला आणि घाण वास आला. पाणी लागलं, पण घागरीला तांबडा थर धरायचं. शेवटी विहीर सोडून दिली. मास्तर, तो काय प्रकार असावा? कोकणात दगडी कोळसा आहे का?

---

रसायनमास्तर · १८ मे, सकाळी ७.०५

चंद्रपूर-वणीकडे आहे तसा दगडी कोळसा कोकणात नाही. तो गोंडवाना काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. आपल्या पायाखालचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. जयगडच्या १२०० मेगावॅटच्या वीज केंद्रालाही कोळसा बाहेरून, समुद्रमार्गे येतो.

पण चुलत्यांना लागला तो बहुतेक लिग्नाइट. रत्नागिरीच्या पट्ट्यात जांभ्याखालच्या मातीत लिग्नाइटचे पातळ थर आणि झाडांचे अवशेष सापडतात, विहिरी खणतानाच ते दिसले. कोकणातल्या जुन्या दलदलीतली झाडं ती, पुरती कोळसा न झालेली. म्हणून ढलपी सुटते. लिग्नाइटमध्ये बऱ्याचदा पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल सुटतं आणि लोह तांबडं होऊन बसतं. वास आणि घागरीचा थर, दोन्हींचं उत्तर त्यात असावं. खाण काढण्याएवढा जाड थर नाही, पण पुन्हा कधी तुकडा मिळाला तर टाकू नका, शाळेला द्या.

---

केळशीची लेक · १८ मे, दुपारी ३.२०

आमच्याकडे भाजावळ करतात ना, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर कवळ (तोडलेल्या डहाळ्या), शेण, पाला पसरून वरून माती टाकून जाळायची, तेव्हा तिथेही अर्धवट कोळसाच होत असणार. माझे बाबा सांगायचे, भाजलेल्या जागची माती भुसभुशीत राहते आणि रोपं अलगद उपटून येतात. वाडीवरचा, कोळशाचा भुगा उरला तर शेणाच्या पाण्यात महिनाभर मुरवून मगच सुपारीच्या आळ्यात घाला. कोरडा घातलात तर तो आधी मातीतलंच खत स्वतःत ओढून घेतो. हे मी माझ्या मिरचीच्या रोपांवर अनुभवलंय, पानं पिवळी पडली होती.

---

वाडीवरचा · २१ मे, रात्री ९.४५

सर्वांचे आभार मानावे तेवढे थोडे. प्रयोग केले, सांगतो.

मल्टिमीटर: पिंपाच्या तळच्या तुकड्याचा रोध पन्नास-साठ ओहम आला. वरच्या थरातल्या तुकड्यावर काटाच हलेना. दिसायला दोन्ही सारखेच काळे!

पाणी: शेजारच्या मुलाकडचा टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजणारा) आणला. विहिरीचं पाणी १३६०. कोळसा कुटून, चाळून, मडक्यात वीतभर थर देऊन गाळलं, तर १४१०. कमी व्हायचं सोडून वाढलं. वास मात्र खरंच गेला.

---

रसायनमास्तर · २२ मे, सकाळी ६.५०

फार चांगलं काम केलंत. तळाशी सातशे अंशांच्या वर आग गेली असणार, तिथे पत्रावळी एकमेकींना भिडल्या आणि वीज वाहायला वाट झाली. वरचा थर त्याहून थंड राहिला. पाण्याला वापरायचा तो तळचा.

टीडीएस वाढला तो राखेमुळे. करवंटीत पोटॅश असतं, ते पाण्यात उतरलं. कोळसा चार-पाच वेळा पावसाच्या पाण्याने धुऊन घ्या.

विहिरीचं म्हणाल तर औषध वेगळं आहे. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरतं. उन्हाळ्यात पंपाने एकदम उपसा केला की तो तोल जातो. थोडं थोडं उपसा, आणि पावसाळ्यात छपराचं पाणी विहिरीकडे वळवा. तिथे वाळूखाली तुमचा कोळसा उपयोगी पडेल, पानांचा रंग आणि वास काढायला.

---

वाडीवरचा · ९ जून, रात्री ८.३०

मृग लागला. पागोळ्यांखाली पन्हाळ बसवून घेतली. पहिल्या दोन पावसांचं पाणी कौलं धुऊन गेलं ते सोडून दिलं. आज तिसऱ्या पावसाचं विहिरीत घेतलं. वाटेत जुनी सिमेंटची टाकी, तिच्यात खाली खडी, मग धुतलेला कोळसा, वर वाळू. टाकीत शिरताना पाणी चहासारखं तांबूस होतं, खालच्या तोटीतून नितळ आलं. मीटरवर ३५.

आईने ओंजळीत घेऊन वास घेतला आणि पिंप पुन्हा कधी लावणार विचारलं. करवंट्या सगळ्या संपल्या आहेत. केळशी-आंजर्ले भागात कोणाकडे पडून असतील तर कळवा, टेम्पो घेऊन येतो.